एक, तीन, चार, दोन

मोटारीच्या बाबतीत माणसांच्या दोन जाती आहेत. एक बॉनेट उघडून आत डोके घालणारी, आणि दुसरी बॉनेट उघडले की चार पावले मागे सरणारी. आमच्या या सदराचे वाचक बहुतेक दुसऱ्या जातीचे. गाडी चालते आहे ना, मग आतल्या भानगडीत कशाला पडा, असे त्यांचे म्हणणे. ते काही चुकीचे नाही. पोळी खाण्यासाठी गिरणीचे पट्टे मोजावे लागत नाहीत. परंतु बॉनेटखाली एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर गाडीचा पेट्रोलचा खर्च आणि इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते, आणि एका काळी तर आपल्या मुलाबाळांची प्रकृतीही तिच्याशी बांधली गेली होती. ती समजायला शाळेतल्या गणितापलीकडे काही लागत नाही. ती गोष्ट म्हणजे इंजिनात ठिणगी केव्हा पडते आणि कोणत्या क्रमाने पडते.

उदाहरणाला गाडी हवी तर वांद्र्याच्या माणसाला लांब जायला नको. वांद्रे हे मुंबईच्या वाहतुकीचे नाकेच. उपनगरातली रिक्षा येते ती इथपर्यंत. माहीमची खाडी ओलांडून शहरात शिरण्याची तिला परवानगी नाही. पुढचा प्रवास टॅक्सीने. आणि ही काळी-पिवळी टॅक्सी कित्येक वर्षे म्हणजे फियाटच. सामानाचा ट्रंक टपावर, आजी पुढे, बाकीचे सारे मागे, आणि शेवटच्या मुलाला कोणाच्या तरी मांडीवर, अशी आपली कितीतरी कुटुंबे तिने स्टेशनावर आणि इस्पितळात वेळेवर पोचवली.

ही गाडी तयार होत होती वांद्र्याच्या शेजारीच, कुर्ल्याला. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाजे आणि विमाने यांच्यापाठोपाठ मोटारींचा ध्यास घेतला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. १९५४ पासून तिथे फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ मध्ये तिचा ‘डिलाइट’ हा अवतार आला. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ मध्ये ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. बारसे तीनदा झाले तरी बाळ तेच! चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे, चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिने रस्त्याचा निरोप घेतला. आज तिचे बॉनेट उघडू या. चार पावले मागे सरू नका.

सिलिंडर म्हणजे एक जाड नळकांडे. त्यात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वरखाली होतो. रंगपंचमीच्या पिचकारीत होतो तसा. त्याचे काम चार पावलांचे. पहिल्यांदा खाली येताना तो पेट्रोलच्या वाफेचे आणि हवेचे मिश्रण आत ओढतो. मग वर जाताना ते दाबतो. दाबलेल्या मिश्रणात वरच्या प्लगमधून ठिणगी पडते, ते पेटते, आणि तापलेले वायू पिस्टनला खाली ढकलतात. चौथ्या पावलात तो पुन्हा वर जाऊन जळालेला धूर बाहेर काढतो. ओढा, दाबा, पेटवा, सोडा. या चार पावलांत कमाईचे पाऊल एकच. बाकीची तीन खर्चाची. पिस्टनच्या या वरखाली होण्याने क्रँक हा दांडा फिरतो आणि त्याने चाके. चार पावलांना क्रँकचे दोन फेरे लागतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी.

आता ठिणगी नेमकी केव्हा पडावी? शहाणा माणूस म्हणेल, पिस्टन अगदी माथ्यावर पोचला, मिश्रण पुरते दाबले गेले, की लगेच. इथेच खरी गंमत आहे. ठिणगी त्याच्या आधी पडावी लागते.

दिवाळीच्या दिवसांत याचा दाखला अंगणातच मिळतो. भुईनळ्याला फुलबाजी लावली की तो काही त्याच क्षणी माडाएवढा उसळत नाही. आधी चुरचुरतो, मग हातभर उडतो आणि मग कुठे पुरता फुलतो. इंजिनातले मिश्रणही तसेच. ते बॉम्बसारखे एकदम फुटत नाही, फुटूही नये. प्लगपाशी पेटलेली ज्वाळा सगळीकडे पसरायला वेळ लागतो. हा वेळ सेकंदाच्या काही सहस्रांशांचा; पण पिस्टन कोठे थांबायला बसला आहे! ज्वाळेचा जोर ऐन भरात येईल तेव्हा पिस्टन माथा ओलांडून नुकता खाली निघालेला असला पाहिजे. झोपाळ्यावरच्या मुलाला झोका देणारी आई हेच करते. झोका मागे येऊन परत फिरला की ती ढकलते. तो मागे येत असतानाच हात लावला तर झोका अडखळतो आणि मनगट दुखावते. फार पुढे गेल्यावर ढकलले तर हात नुसता हवेत फिरतो.

थोडे आकडे मांडू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५०. एका सिलिंडरला सेकंदाला २५ ठिणग्या, चौघांना मिळून १००. अर्धा तास याच वेगाने इंजिन फिरले तर १ लाख ८० हजार ठिणग्या झाल्या, आणि त्यांतली प्रत्येक वेळेवर! जळण्याला सेकंदाचे २ सहस्रांश लागतात असे समजुतीसाठी धरू. टॅक्सी स्टँडवर नुसती घुरघुरत उभी आहे, मिनिटाला ८०० फेरे, तर तेवढ्या वेळात क्रँक सुमारे १० अंश फिरतो. तीच गाडी ३००० फेऱ्यांनी पळू लागली की त्याच वेळात तो ३६ अंश फिरलेला असतो. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडायला हवी. प्रत्यक्षात वेगाबरोबर आतल्या मिश्रणाची खळबळ वाढते आणि ज्वाळाही चपळ होते, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. पण त्याची दिशा हीच.

ही वेळ साधण्याचे काम फियाटमध्ये डिस्ट्रिब्यूटर नावाचा मुठीएवढा डबा करी. त्याची कल्पना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाडीत आली. बॅटरीची वीज फक्त १२ व्होल्टची. तिने प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही. म्हणून ती कॉइलमधून न्यायची आणि एकाएकी तोडायची. तोडल्याबरोबर कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उठतो आणि ठिणगी उडते. वीज तोडण्याचे काम दोन बारीक टिकल्यांचे. त्यांना गॅरेजमध्ये ‘पॉइंट’ म्हणत. डब्याच्या मध्यावर फिरणारा रोटर ती वीज आळीपाळीने चार प्लगांच्या चार वायरींना वाटून देई. वेग वाढला की आतली दोन छोटी वजने बाहेर फेकली जात आणि ठिणगी आपोआप आधी ओढली जाई. ना तारेचे यंत्र, ना मेंदू. पण चोख नोकर.

नोकर चोख असला तरी झिजतो. पॉइंटना ढकलणारा छोटा ठोकळा घासला की दोन टिकल्यांमधली फट कमी होते, त्या उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडू लागते. हे एका दिवसात होत नाही. रोज थोडे थोडे होते, म्हणून मालकाला कळत नाही. जोर कमी होतो, इंजिन तापते, पेट्रोलची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरमधून निघून जाते. दिवसाच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याला फटीतला केसाएवढा फरक महिन्याच्या अखेरीस किराण्याच्या यादीत दिसे.

उशिराची शिक्षा अशी खिशाला. घाईची शिक्षा त्याहून कडक. ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन वर येत असतानाच आतला दाब आणि उष्णता बेसुमार वाढते. मग ज्वाळा पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण स्वतःहून भडकते आणि त्याचा हादरा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतो. बाहेर ऐकू येते ते डब्यात वाटाणे खुळखुळावेत तसे. यालाच नॉकिंग म्हणतात. ते फार दिवस चालू दिले तर गॅस्केट फुटते, पिस्टनचा माथा झिजतो, कधी त्याला भोकही पडते. आणि गाडी हँडल मारून सुरू करण्याच्या जमान्यात तर घाईची ठिणगी हँडल उलटे फिरवी. हँडल मारणाऱ्याचे मनगट त्यात मोडे.

म्हणून जुना मिस्त्री टायमिंग लावताना आधी खुणा जुळवी, मग डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवी, आणि खरी परीक्षा रस्त्यावर घेई. वांद्र्यात अशा परीक्षेला पाली हिलचा चढ उत्तम. वरचा गिअर ठेवून पाय दाबायचा. क्षणभर पुसटशी टकटक होऊन ती विरली, तर टायमिंग बरोबर. टकटक चालूच राहिली तर ठिणगी घाईची. मुळीच आली नाही आणि गाडी धापा टाकू लागली तर उशिराची. वैद्याने नाडी पाहावी तसा हा प्रकार. पुस्तकात अंश लिहिलेले असत, पण कोणत्या गाडीला आज किती मानवेल हे कान सांगे.

इथवर आम्ही घरात सांगत आलो तेव्हा आमच्या सौभाग्यवती दळण निवडता निवडता म्हणाल्या, “अहो, वेळ कळली. पण चार सिलिंडर आहेत तर एक, दोन, तीन, चार अशी ओळीने ठिणगी टाकायची. तुम्ही मघापासून एक, तीन, चार, दोन काय घोकता आहात?”

प्रश्न बिनतोड होता. रेडिएटरच्या बाजूने मोजत गेले तर फियाटचा क्रम १-३-४-२ असाच आहे. अँबॅसडरचा तोच, जुन्या विलीज जीपचाही तोच. त्याचे कारण क्रँकच्या घडणीत आहे. या दांड्यावर १ आणि ४ हे पिस्टन एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. २ आणि ३ ही दुसरी जोडी. पहिली जोडी माथ्यावर असते तेव्हा दुसरी तळाला. दोन्ही टोके सारखी राहिल्याने इंजिन पुढेमागे डुलत नाही. आता पहिल्यात ठिणगी पडली. अर्धा फेरा झाला. वर कोण आले? दोन आणि तीन. म्हणून पुढची ठिणगी या दोघांपैकी एकात. आणखी अर्ध्या फेऱ्याने वर एक आणि चार. एकाची पाळी होऊन गेली, तेव्हा चार. शेवटी मधल्या जोडीतला राहिलेला. म्हणजे १-३-४-२ किंवा १-२-४-३, हे दोनच क्रम संभवतात. ओळीने जायचे म्हटले तर दोननंतर तीनची पाळी येते तेव्हा तीन बिचारा तळाला असतो. सहा सिलिंडरच्या गाडीत क्रँक वेगळा, म्हणून तिथे बहुधा १-५-३-६-२-४ असा क्रम असतो.

हे सारे ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे आमच्या आजीच्या घरचे कांडणच की! एका उखळात दोघींची मुसळे. एकीचे वर तेव्हा दुसरीचे खाली. जिची पाळी तिनेच घाव घालायचा, नाही तर मुसळावर मुसळ.”

याहून सोपे करून सांगणे आम्हाला साधले नसते. सिलिंडर चार, पण घाव एकाच क्रँकवर घालायचे. दर अर्ध्या फेऱ्याला एक घाव, न चुकता. त्यामुळे गाडीला धक्के जाणवत नाहीत. पाळी चुकली की काय होते तेही पाहा. प्लग साफ करताना कोणी पहिल्याची वायर चौथ्याला आणि चौथ्याची पहिल्याला लावली, तर पहिल्याच्या वेळेची ठिणगी चौथ्यात पडते. तो त्या वेळी धूर बाहेर टाकून नवे मिश्रण घ्यायच्या बेतात असतो आणि त्याची आत येणारी वाट उघडू लागलेली असते. मग पेट घेतलेले मिश्रण कधी कार्बोरेटरच्या वाटेने उलटे भडकते. मिस्त्री लोक एका वेळी एकच वायर काढत आणि ती परत बसवल्याशिवाय दुसरीला हात लावत नसत, त्यामागे हे शहाणपण होते.

आता मुलांच्या प्रकृतीचा विषय. ठिणगी उशिरा केली की नॉकिंग थांबते, पण जोर जातो. मिश्रण कमी दाबले तरी थांबते, पण पेट्रोल जास्त लागते. या पेचावर १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, केटरिंग यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजली यांनी तोडगा काढला. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चमचाभर मिसळायचे. टकटक बंद! साऱ्या जगाने तो उचलला. पण ते शिसे जळून नाहीसे होत नव्हते. ते धुरातून बाहेर पडून रस्त्यावरच्या हवेत आणि धुळीत मिसळत होते. शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला तर ते फारच घातक. इंजिनाची टकटक थांबवण्याची किंमत अशी भलत्यांनीच भरली. भारतात २००० साली देशभर शिसे नसलेले पेट्रोल आले. जगातल्या पंपांवरून ते संपायला २०२१ साल उजाडले. शेवटचा देश अल्जीरिया.

त्याच सुमारास, २००० नंतरच्या वर्षांत, मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या आणि टायमिंगचा जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. हा वायू नॉकिंगला सहसा दाद देत नाही, पण तो पेट्रोलपेक्षा हळू जळतो. म्हणून त्याला ठिणगी आणखी आधी हवी. टॅक्सीत मात्र दोन्ही इंधने; गॅस संपला की पेट्रोल. गॅससाठी ठिणगी आधी ओढली तर पेट्रोलवर गाडी टकटकते. पेट्रोलसाठी मागे ठेवली तर गॅसवर ती सुस्त. दोन सासवांची एक सून म्हणतात ती हीच! ज्याचा धंदा बहुतेक गॅसवर त्याने गॅसकडे झुकावे, आणि पेट्रोलवर आल्यावर चढाला पाय जपून दाबावा, एवढाच मार्ग होता. इंधन बदलले की वेळ आपोआप बदलणारी विजेची छोटी यंत्रेही पुढे मिळू लागली.

आजच्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर नाही, पॉइंट नाहीत. क्रँकवरच्या दातेरी चाकाशेजारी एक संवेदक बसलेला असतो, तो दाते मोजून पिस्टन कोठे आहे ते कळवतो. दुसरा संवेदक इंजिनाच्या अंगाला चिकटून नॉकिंग ऐकत असतो; जुन्या मिस्त्रीचा कानच म्हणा. तो कुरबुर ऐकताच संगणक ठिणगी थोडी उशिरा करतो आणि शांत झाले की पुन्हा आधी आणून पाहतो. आजच्या पुष्कळ लहान गाड्यांना तीनच सिलिंडर असतात. तिथे क्रम सहसा १-३-२. यंत्र बदलले, हिशेब तोच राहिला. ज्या गाडीत इंजिनच नाही, नुसती मोटर आणि बॅटरी आहे, तिलाच यातून सुटका आहे.

संगणक आहे म्हणून मालकाने कान बंद करू नयेत. चढावर टकटक ऐकू आली तर पाय आणखी दाबू नका. खालचा गिअर घ्या. ती रोज येऊ लागली तर गाडी दाखवा. आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागण्याऐवजी लुकलुकू लागला, गाडी अडखळू लागली, तर एखाद्या सिलिंडरची पाळी चुकते आहे असे समजा. न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जळते आणि तो महागडा डबा खराब करते. अशा वेळी ‘घरापर्यंत तर जाऊ’ हा हिशेब अंगाशी येतो. पाय हलका करा, बाजूला घ्या, थांबा.

टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून आपण मीटरकडे पाहत होतो तेव्हा पुढे बसलेला माणूस इंजिनाकडे कान लावून होता. त्याचा तो कान पद्मिनीबरोबर बहुतेक निवृत्त झाला. पण काय ऐकायचे, हे आता तुम्हाला माहीत आहे. बॉनेटपासून चार पावले मागे सरण्याचे आता कारण नाही. निदान दोनच पावले सरा.

दिवाळी सुखाची जावो. फटाके अंगणात उडोत, सायलेन्सरमधून नकोत!